वन्सं हो म्हणाल्या

“पण तुम्ही हो म्हणालातच कशा?” वहिनींनी डाव पातेल्यावर आपटला, तशी भाताची दोन शितं उडून मास्तरांच्या चष्म्यावर बसली. “इतकी वर्षं कधी म्हणाला नाहीत, ते नेमकं या गुरुवारीच बरं सुचलं!”

“म्हणाले. त्यात काय एवढं?” वन्सं काकडी चिरत होत्या आणि त्यांचा हात जराही चुकत नव्हता. “बाकीचे सगळे उठताबसता म्हणतात. त्यांच्यावर कधी डाव आपटलास?”

“बाकीच्यांना मी हो म्हणायचाच पगार देते! तुम्हाला कशाचा देते?”

“हळू, वहिनी. खालपर्यंत ऐकू जातं.”

“जाऊ दे! खाली आपलंच ऑफिस आहे आणि आज रविवार आहे.”

मास्तरांनी चष्मा काढला, शितं खाल्ली आणि चष्मा पुन्हा लावला. वहिनींचे यजमान आणि वन्संचे सख्खे थोरले भाऊ अशी त्यांची दुहेरी नेमणूक होती. बायको आणि बहीण यांच्या मधल्या खुर्चीवर इतकी वर्षं जेवून त्यांनी एकच विद्या कमावली होती, कान मिटून तोंड चालू ठेवायची. शाळेत ते भूगोल शिकवायचे तेव्हा ही विद्या त्यांच्या विद्यार्थ्यांनीही कमावली होती, असं वहिनींचं मत होतं.

भांडणाचं कारण म्हटलं तर गाद्यांचा कारखाना होता. उद्या सकाळी वहिनी त्याच्या कागदांवर सही करणार होत्या आणि त्यांच्या गुंतवणुकीच्या पेढीतल्या एकूण पैशांचा तिसरा हिस्सा त्या गाद्यांत जाऊन पडणार होता. पैसे वहिनींचे नव्हेत. ते एका दातांच्या डॉक्टरचे, दोन शिंप्यांचे, एका बस ड्रायव्हरचे, मास्तरांच्या शाळेतल्या निम्म्या निवृत्त शिक्षकांचे, आणि ज्यांची मुलं फोन करायची थांबली आहेत अशा बऱ्याच म्हाताऱ्यांचे. गुरुवारच्या बैठकीत वन्सं या कारखान्याला हो म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून वहिनींची झोप उडाली होती.

परक्या माणसाला यात झोप उडण्यासारखं काही दिसणार नाही. पण परक्या माणसाला पेढी ठाऊक नाही.

वहिनी आधी एका विमा कंपनीत होत्या. दावे तपासायचं काम. लोक आपल्या जळालेल्या, बुडालेल्या, चोरीला गेलेल्या वस्तूंबद्दल किती जीव लावून खोटं बोलतात हे ऐकून ऐकून त्या माणसं ओळखायला शिकल्या होत्या, निदान त्यांना तसं वाटे. तिथल्या मोठ्या साहेबांना एकदा कंपनीच्या पैशाने डोंगरावर हॉटेल घ्यायची हुक्की आली. लांबलचक टेबलाभोवती सगळ्यांना बसवून साहेबांनी विचारलं, कुणाला काही शंका? एकजात माना डोलल्या. त्या हॉटेलचा रस्ता वर्षातले कित्येक महिने दरडीखाली असतो हे टेबलावरच्या तीनचार जणांना पक्कं माहीत होतं, कारण ते सहलीला जाऊन तिथे अडकून आले होते. वहिनी त्यांतल्याच एक. त्यांनीही मान डोलावली. बढतीची यादी लागायची होती ना! बढती मिळाली. हॉटेल बुडालं. साहेबांना निरोप समारंभ आणि चांदीचं घड्याळ मिळालं.

“माणसाची मान उभी फुकट हलते,” वहिनी नंतर सांगत. “आडवी हलवायची तर पगार द्यावा लागतो.”

नोकरी सोडून त्यांनी घराच्या खालच्या खोलीत पेढी काढली. पहिलं गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर. वहिनींच्या तोंडात दोन्ही हात घालून त्याने विचारलं, माझे पैसे तुम्हीच सांभाळाल का? त्या अवस्थेत त्या काय बोलणार? डॉक्टरने ते हो समजलं.

त्याच सुमारास वन्सं चार दिवस राहायला म्हणून आल्या. ते चार दिवस अजून चालू आहेत. वन्सं एका मोठ्या दुकानात ‘परत आलेला माल’ अशी पाटी असलेल्या खिडकीत बसायच्या. कुणी बूट परत करायला आणले की त्या बूट उलटे करून तळवे बघत आणि म्हणत, “घालून नाचलात. परत होणार नाहीत.” पुढे दुकान बंद पडलं, खिडकी गेली, सवय तेवढी उरली. भावाच्या घरी आल्यावर त्यांनी पडद्यांना नाही म्हटलं, नव्या सोफ्याला नाही म्हटलं, मास्तरांच्या मिश्यांना नाही म्हटलं. मिश्या उतरवाव्या लागल्या.

एकदा वहिनी फोनवर कुणाला तरी रंगात येऊन सांगत होत्या की, घरात बसून चालवायच्या व्यायामाच्या सायकली हातोहात खपताहेत, त्या कंपनीत पैसे घालू या. आतून वन्संचा आवाज आला, “खपतात गं बाई! परत किती येतात ते विचार. आणि येत नाहीत त्यांच्यावर टॉवेल वाळतात.”

वहिनींनी हात झटकला. पण वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकून बसलं. शेवटी त्यांनी कंपनीला फोन करून परत किती येतात म्हणून विचारलं, तर पलीकडच्याने फोनच ठेवला. वर्ष सरायच्या आत कंपनीनेही मान टाकली. वहिनी तडक स्वयंपाकघरात गेल्या. म्हणाल्या, “वन्सं, घरात फुकट बोलता ते खाली येऊन पगारावर बोला.”

“किती देशील?”

वहिनींनी आकडा सांगितला.

“नाही. कमी आहे,” वन्सं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाल्या.

तेव्हापासून पेढीची रीत पडली ती अशी. पैसे कुठेही घालायचे असोत, तो विषय आधी गुरुवारी वन्संसमोर ठेवायचा. वन्सं त्याची पिसं काढणार. विषय आणणाऱ्याने एकेका पिसाचं उत्तर द्यायचं. शेवटी वन्सं म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांसमोर नको,” की विषय संपला. म्हणाल्या, “मरा, करा काय करायचं ते,” की ती मंजुरी. तिसरा प्रकार नव्हता.

वन्सं काही त्रिकालज्ञानी नव्हेत. निम्म्या वेळा त्या साफ चुकत. पाणी गाळायची यंत्रं करणाऱ्यांना त्यांनी असं पिटाळलं, आणि ती कंपनी पुढे अशी फुगली, की मास्तरांनीसुद्धा एकदा जेवताना उसासा टाकला. पण वन्सं बरोबर असाव्यात अशी वहिनींची अपेक्षाच नव्हती. कुणीतरी आडवं पडलंय एवढं त्यांना पुरे होतं. आडवं पडलेल्याला ओलांडताना माणूस खाली बघून पाऊल टाकतो. ज्या गिऱ्हाइकांना घाई असे त्यांना त्या तोंडावर सांगत, “आमच्याकडे पैसे नखांसारखे वाढतात. बघत बसलात तर दिसायचे नाहीत. समोरच्या गल्लीत जा, तिकडे केसांसारखे वाढतात. गळतातही तसेच.”

असं हे गाडं कुरकुरत का होईना, नीट चाललं होतं. पेढीने कुणाला बंगला बांधून दिला नाही आणि कुणाला रस्त्यावर आणलं नाही. मग वहिनींना भाषणाची बाधा झाली.

बाधा आणली बाळने. बाळ वहिनींचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं बत्तीस, पेढीची जाहिरात बघतो. “आई, तुझी पद्धत जगाला कळली पाहिजे,” असं म्हणून त्याने आईला व्यापाऱ्यांच्या मंडळात बोलायला उभं केलं. वहिनी आकडे सांगू लागल्या. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगा पेंगायला लागल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणून वहिनींनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मान तिरकी केली, ओठ मुडपले आणि हुबेहूब वन्संच्या आवाजात म्हटलं, “खपतात गं बाई! परत किती येतात?”

हशाने खिडक्यांच्या काचा हलल्या. एका कापडवाल्याला तर ठसकाच लागला, पाठीत बुक्क्या माराव्या लागल्या.

मग काय, आधीच हौस, त्यात टाळ्यांचा पाऊस. वहिनी जागोजागी जाऊ लागल्या. वन्संचे नेहमीचे सगळे प्रश्न त्या हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवत. परत किती येतात? मालक स्वतः हे वापरतो का? मालकाच्या मेव्हण्याला पगार किती? बाळ त्याच्या चित्रफिती करून फोनाफोनांवर सोडी. पेढीत पैशांचा ओघ सुरू झाला. नवी गिऱ्हाइकं आली की आधी विचारत, “त्या वन्सं कुठे बसतात हो?” मग त्यांच्याभोवती कोंडाळं करून म्हणत, “एकदा म्हणा ना, घालून नाचलात!” वन्सं म्हणत नसत. तेही लोकांना फार आवडे.

गाद्यांच्या कारखान्याचा मालक अशाच एका भाषणाला पहिल्या रांगेत बसला होता. सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच्याच होत्या.

“पण आई, आत्या हो म्हणाली हे चांगलंच झालं ना?” टेबलापलीकडून बाळने आता तोंड घातलं. “म्हणजे बघ, आत्यालासुद्धा खोट काढता आली नाही! मी तर तेच छापणार होतो.”

“तू गप्प बस. तू जाहिरात आहेस.” वहिनी वन्संकडे वळल्या. राग चढला की त्यांचं अहोजाहो आणखी टोकदार होई. “वन्सं, आपण कृपा करून खरं सांगावं. त्या गादीवाल्याने आपल्याला काही दिलं का?”

मास्तरांचा घास हातात राहिला. बाळ काकडी चावायचा थांबला.

“दिलं की,” वन्सं म्हणाल्या. “उशी.”

“आणि घेतलीत?”

“नाही घेतली. फार मऊ होती. माझी मान आखडते.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “झालं समाधान? आता मला विचार, नाही मी कधी म्हणाले ते.”

“कधी म्हणालात?”

“येताना. गाडीत.”

वहिनींना आठवेना. मग हळूहळू आठवू लागलं, आणि आठवलं नसतं तर बरं असं वाटायला लागलं.

कारखाना बघायला ती सगळी मिळून गेली होती, वहिनी, वन्सं, बाळ आणि ऑफिसातली दोन पोरं. मालक फाटकावरच हात जोडून उभा. वन्संनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “आता वन्सं विचारणार, परत किती येतात? या, आधी तेच बघा.” त्याने एक लांबट खोली उघडून दाखवली. कोपऱ्यात दोन गाद्या, बाकी सगळी रिकामी. “आता विचारणार, मालक कशावर झोपतो?” असं म्हणत तो बुटांसकट नव्याकोऱ्या गादीवर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पोरांनी टाळ्या पिटल्या. मेव्हण्याचं तर विचारूच नका. माझी बायको एकुलती एक, असं त्याने स्वतःहून सांगितलं. वन्सं शेवटपर्यंत ओठ मुडपून उभ्या होत्या. वहिनींना वाटलं, चला, सापडला एकदाचा यांना तोडीस तोड.

आणि परतताना गाडीत वन्सं म्हणाल्या होत्या, “त्या खोलीला ओल्या रंगाचा वास येत होता.”

“कुठल्या खोलीला?”

“परत आलेल्या मालाच्या. मी आयुष्य काढलं तसल्या खोलीत. तिला कुणी रंग देत नाही, वहिनी. दुकानाचं पुढचं दार रंगवतात, दिवाणखाना रंगवतात. परतीची खोली कोण रंगवतं?”

तेव्हा पुढच्या सीटवरच्या पोराने मागे वळून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून म्हटलं होतं, “खपतात गं बाई! पण वास किती येतो?” गाडीभर हशा पिकला. ड्रायव्हरसुद्धा हसला. आणि वहिनी? वहिनींना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं होतं.

“मी म्हणाले,” वन्संनी आता सांगितलं, “तुम्ही हसलात. मी काहीही म्हणाले तरी तुम्ही हसता. गुरुवारी मी तोंड उघडलं की ती दोघं पोरं माझ्याबरोबर ओठ हलवतात. प्रार्थना म्हटल्यासारखे. मला दिसत नाही वाटतं?”

“अहो, कौतुक आहे ते! मी नक्कल करते ती काय कुचेष्टेने करते?”

“नाही ना. कुचेष्टेने केली असतीस तर तुझ्या झिंज्या धरल्या असत्या. कौतुकाशी भांडायचं कसं?” वन्संचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच ऐकू येत होता. “त्या खिडकीत बसायचे तेव्हा लोक मला शिव्या घालायचे. मेलीच्या जिभेला काही हाड, म्हणायचे. पण बूट परत घेऊन जायचे. आता लोक माझ्याबरोबर फोटो काढतात आणि करायचं तेच करतात. म्हणून गुरुवारी म्हटलं, बघू तरी हो म्हणून. तर सगळे गप्प! इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर खोलीत कुणी हसलं नाही. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.”

वहिनी डावाने पातेल्यातला भात उगाच सारखा करत राहिल्या.

वहिनींना तो कारखाना हवा होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही कानात सांगितल्यासारखंच सांगितलं होतं. तो घेतला की पेढीचं नाव मोठ्यांत गणलं जाणार होतं. मंडळाच्या वार्षिक सभेचं मुख्य भाषण त्यांचं होतं आणि गादीवरचे दोन विनोद आंघोळ करताना म्हणूनही झाले होते. म्हणूनच तर झोप लागत नव्हती. जी वस्तू इतकी हवीशी वाटते तिच्या वाटेत कुणीच आडवं नसावं, हे त्यांना सोसत नव्हतं.

“एखादा माणूस स्वच्छ असू शकतो, वन्सं,” त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. “रंग काय, कुणीही देतं.”

“असेल स्वच्छ. मी कुठे नाही म्हणते? मी म्हणत होते, विचार. तू हसलीस.”

“प्रश्नपत्रिका फुटली,” मास्तर म्हणाले.

तिघांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही फडताळच बोललं.

“गावभर प्रश्न वाचून दाखवले, मग परीक्षा घेतली,” मास्तरांनी ताटातला भात गोळा केला. “आता सगळे पहिलेच येणार. आमच्याकडे असं झालं की पेपर रद्द करतात. मीठ द्या जरा.”

वहिनींनी मीठ दिलं. नवऱ्याचं बरोबर आहे हे कबूल करण्याची त्यांची ती पद्धत होती. मनातल्या मनात त्या ती रिकामी खोली पुन्हा फिरून आल्या. या वेळी कोपऱ्यातल्या त्या दोन गाद्याच डोळ्यांसमोर येईनात. भिंती तेवढ्या पांढऱ्याशुभ्र दिसत राहिल्या. मग बस ड्रायव्हर आठवला. पैसे ठेवायला आला तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता आणि म्हणाला होता, तुमच्याकडे त्या बाई आहेत ना, म्हणून आलो.

“मी उद्यापासून खाली येत नाही,” वन्संनी काकडीची ताटली पुढे सरकवली. “म्हातारपणी थोडं लाडात राहू दे मला. त्या पोरांना सांग, नक्कल चांगली येते तर तुम्हीच बसा गुरुवारी.”

“खाली तर तुम्हाला यायचंच आहे.”

“नाही.”

“बघा! आलं ना तोंडात!”

“वहिनी, थट्टा पुरे.”

“थट्टा नाही करत.” आणि खरोखरच वहिनींच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. “तुमच्या नाहीची मी जत्रा केली. ते आता परत होणार नाही, कितीही पुसलं तरी. पण माझ्या नाहीला अजून कुणी हसलेलं नाही. माझी नक्कल करायची छाती आहे का रे कुणाची खाली?”

बाळने मान आडवी हलवली. फुकट.

“आई, पण उद्या ते सहीला येताहेत. मी फोटोवाल्याला सांगून ठेवलंय. आणि वार्षिक सभेची निमंत्रणं…”

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि टेबलाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त द्यायला सांगावं, त्या सुरात त्या म्हणाल्या,

“गाद्यांचा कारखाना घ्यायचा नाही. भाषणं बंद. उद्यापासून पैसे कुठे घालायचे ते वन्सं ठरवतील, आणि त्यांना नाही मी म्हणेन.”